नापास निन्जा आणि राक्षस हांझो

काही काही पुस्तकं आपण टाइमपास म्हणून उघडतो आणि मग ती भलतीकडेच नेऊन सोडतात. रिन्को उएदाची 'टेल ऑफ द मून' ही मांगा त्यातलीच. जपानमध्ये मुलींसाठीच्या 'मार्गारेट' मासिकातून ती २००० च्या दशकात येत होती. एकूण १५ खंड. नायिकेचं नाव उसागी, म्हणजे ससा. इगा या निन्जांच्या मुलुखातली ही मुलगी निन्जाच्या प्रत्येक परीक्षेत सपशेल नापास! येतं काय, तर फक्त जडीबुटी. शेवटी गावातले मोठे लोक वैतागून ठरवतात, की हिचं लग्न हात्तोरी हांझोशी लावून द्यावं, निदान मुलं तरी हुशार निपजतील. आणि हांझोसाहेब तिला दारातूनच परत पाठवायला बघतात. पुढे सगळी धमाल.

आता गंमत अशी, की हा हांझो खरा होता. जन्म १५४२ च्या सुमारास. पण तो इगाचा नव्हेच! इगा सोडून आले ते त्याचे वडील; हा जन्मला मिकावात, तोकुगावा इएयासूच्या प्रदेशात. आणि तो निन्जा कमी, भालाईत सामुराई जास्त. लोक त्याला 'राक्षस हांझो' म्हणत.

या राक्षसाची एक कथा सांगतात. १५७९ मध्ये इएयासूच्या थोरल्या मुलावर, नोबुयासूवर, पोट चिरून मरायची वेळ आली. अशा वेळी यातना लांबू नयेत म्हणून शेजारी एक जण तलवार घेऊन उभा असतो. ते काम हांझोकडे आलं. पण मालकाच्या पोरावर त्याचा हात उचलला गेला नाही. ते दुसऱ्याला करावं लागलं. पुढे हांझोने नोबुयासूसाठी प्रार्थना करायला जे स्थान उभारलं, त्याचंच साइनेन-जी मंदिर झालं. ते आज तोक्योच्या योत्सुया भागात आहे आणि हांझोची कबरही तिथेच आहे.

आणि इगा? डोंगरांनी वेढलेला छोटा प्रांत. वर कोणी बडा सरदार नाही, स्थानिक घराणी मिळून कारभार बघायची. १५७९ मध्येच ओदा नोबुनागाच्या दुसऱ्या मुलाने, नोबुकात्सूने, बापाला न विचारता इगावर चाल केली आणि सडकून मार खाल्ला. मग १५८१ मध्ये नोबुनागाने सगळ्या दिशांनी प्रचंड फौज घुसवली. गावं, मंदिरं जळली. बायका-मुलंही सुटली नाहीत. उसागीचं ते विनोदी गाव ज्या मातीत आहे, तिथलं हे खरं वर्तमान. हे वाचल्यावर पहिल्या खंडातले विनोद पुन्हा वाचवेनात, खरं सांगतो.

पुढच्याच वर्षी, १५८२ मध्ये, नोबुनागा स्वतःच क्योतोच्या होन्नो-जीमध्ये दगाफटक्यात मेला. इएयासू तेव्हा मोजक्या माणसांनिशी साकाईजवळ अडकलेला. तो इगाच्या डोंगरांतून निसटून घरी पोचला. वाट काढून देण्यात हांझोच्या इगामधल्या ओळखी कामी आल्या, असं परंपरा सांगते. नंतर इगाची सुमारे २०० माणसं इएयासूच्या चाकरीत आली, हांझोच्या हाताखाली.

म्हणजे निन्जांना चक्क पर्मनंट नोकरी लागली! राजवाड्याचे पहारे, बांधकामाची देखरेख. हांझो १५९६ च्या सुमारास वारला आणि जागा मुलाला मिळाली. हा नवा साहेब यांना घरगड्यासारखा राबवायचा. शेवटी १६०५ मध्ये इगाची मंडळी चिडून एका मंदिरात ठाण मांडून बसली. आपल्या भाषेत सरळसरळ संप. साहेबाची जागा गेली. पण संपाच्या म्होरक्यांनाही मृत्युदंड झाला. मॅनेजर बदलण्याची इतकी किंमत आपल्यापैकी कुणी मोजली नसेल.

मग काळे कपडे, भिंतींवरून उड्या हे सगळं? ते बरंचसं नंतरच्या नाटकांनी, चित्रांनी आणि कादंबऱ्यांनी घडवलेलं. इगाच्या विद्येचा मोठा ग्रंथ 'बानसेनशूकाई' लिहिला गेला १६७६ मध्ये, इगा जळल्यावर तब्बल ९५ वर्षांनी. शिनोबीचं खरं काम म्हणजे चारचौघांत मिसळून जाणं, ऐकणं, लक्षात ठेवणं आणि जिवंत परत येऊन बातमी देणं. त्यासाठी भटक्या औषधविक्याचं सोंग उत्तम. शेजारच्या कोकामध्ये तर आजही औषधनिर्मितीचा मोठा धंदा आहे.

आता उसागीकडे परत बघा. दिसायला साधी, कुणालाही संशय न येणारी, औषधांची जाणकार. गावाने जिला नापास केलं, तीच खऱ्या शिनोबीच्या जास्त जवळची निघते! उएदाबाईंनी हे मुद्दाम केलं का, कोण जाणे. पण इतिहासाच्या पेपरात मी तरी तिला पास करीन. :)

असो. तोक्योला कधी गेलात, तर मेट्रोची हांझोमोन लाइन पकडा. राजवाड्याच्या ज्या दरवाजावरून तिला नाव मिळालं, तो या हांझोच्याच नावाचा. गुपचूप येणंजाणं हा ज्या लोकांचा धंदा, त्यांच्या म्होरक्याचं नाव आज स्टेशनागणिक लाउडस्पीकरवरून पुकारलं जातं!