सह्याद्रीचे पर्वतीय हवामान

उंची, उतारांची दिशा आणि वाऱ्याला होणारा अडथळा यांमुळे पर्वतावर घडणारे वेगळे हवामान. सह्याद्री हे त्याचे ठळक उदाहरण. जून ते सप्टेंबरमध्ये अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैर्ऋत्य वारे या कड्यांना अडून वर चढतात. वर दाब कमी असल्याने हवा प्रसरण पावते व थंड होते : कोरडी असताना दर किलोमीटरला सुमारे १० अंश से., संपृक्त झाल्यावर त्याहून सावकाश. कारण सांद्रीभवनातून सुप्त उष्णता मुक्त होते. यातूनच प्रतिरोध पर्जन्य पडतो. महाबळेश्वरला (उंची सुमारे १,३५० मी.) वर्षाला ५,५०० मिमी.हून अधिक पाऊस होतो. पूर्वेस २० किमी.च्या आतल्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहूनही कमी. पलीकडे उतरणारी हवा दाबली जाऊन तापते, ढग विरतात. माण, खटाव हे दुष्काळी तालुके या पर्जन्यछायेत येतात. एकाच सातारा जिल्ह्यातली ही तफावत नकाशापेक्षा पावसाळ्यात पाचगणीहून पसरणीचा घाट उतरताना अधिक नीट उमगते. हिवाळ्यात निरभ्र, निवांत रात्री जमीन झपाट्याने निवते आणि थंड, जड हवा उतारांवरून खोलगट भागात साचते. त्यामुळे महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात काही पहाटे दवबिंदू गोठतात, आसपासच्या उंचवट्यांवर मात्र तेवढी थंडी नसते.