रेडिओवर कुणाचा मान राखायचा?

गोव्याच्या पेडणे तालुक्यात, पत्रादेवीच्या सीमेवर 15 ऑगस्ट 1955 रोजी पोर्तुगिजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्यांच्यातले कर्नैलसिंग तिथेच पडले. त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला सीमेपलीकडे आंबोलीच्या रानातून एक भूमिगत रेडिओ बोलू लागला. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो 1961च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीज व कोंकणीतून तो चालवत राहिले. पणजीत सरकारचे ‘एमिसोरा द गोवा’ होतेच, पण त्यावर पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्याविरुद्ध शब्द निघणे शक्य नव्हते. वर्तमानपत्रे सोडाच, लग्नपत्रिकेलाही सेन्सॉरचा शिक्का लागे. 17 फेब्रुवारी 1954 रोजी म्हापशात एका मेजवानीत ‘गोवा म्हणजे पोर्तुगालच’ या विधानाला डॉ. पुंडलिक गायतोंडे यांनी हरकत घेतली आणि त्यांची रवानगी पोर्तुगालच्या तुरुंगात झाली. त्यांच्या बोलण्याने कुणाच्या केसालाही धक्का लागला नव्हता. सत्तेला झोंबले, एवढाच अपराध. आक्षेपार्ह बोलण्याची मर्यादा आखताना गोव्याच्या या अनुभवातूनच सुरुवात करायला हवी, असे मला वाटते.

मर्यादाच नकोत, असे यातून निघत नाही. 1994 साली रवांडात एका रेडिओ केंद्राने तुत्सींच्या कत्तलीला चिथावणी दिली. आपल्याकडे 2007मध्ये दिल्लीच्या एका एफएम निवेदकाच्या गोरखांविषयीच्या शेऱ्यावरून सिलिगुडी पेटली. आवाज थेट घरात शिरतो आणि ऐकणाऱ्याला थांबून पडताळायला सवड देत नाही, म्हणून एखाद्या समाजाविरुद्धच्या चिथावणीवर कायद्याचा हात पडलाच पाहिजे. पण आकाशवाणीची प्रसारण संहिता तेवढ्यावर थांबत नाही. धर्म आणि जमातींवरील हल्ल्यांच्या जोडीला तिने केंद्रावरील वा राज्यावरील जहरी टीकाही वर्ज्य ठरवली, आणि खासगी एफएमचे परवानेही याच संहितेला बांधले गेले. घटनेच्या कलम 19(2)मधील अभिव्यक्तीवरील निर्बंधांच्या कारणांत सरकारवरील टीका कुठेच नाही. संहिता इथे घटनेपेक्षा अधिक सोवळी आहे.

यावर उत्तर येते की रेडिओ लहरी मर्यादित आहेत, सार्वजनिक आहेत. परवाना देणारा अटी घालणारच. युक्तिवाद वजनदार आहे. मात्र 9 फेब्रुवारी 1995च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा मान्य करून निष्कर्ष उलटा काढला: लहरी जनतेच्या आहेत, म्हणून त्यांचे नियमन सरकारने नव्हे, स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरणाने करावे. असे प्राधिकरण उभारू पाहणारे 1997चे प्रसारण विधेयक संसदेत आले आणि लोकसभा विसर्जित होताच बारगळले. ज्याच्यावर टीका होते, परवानाही त्याच्याच हाती आहे.