पाच पायऱ्यांचा इतिहास

परवा धाकट्याने नव्या घराचा नकाशा आणून दाखवला. खाली तळघर, त्यावर घर आणि समोर सहा पायऱ्या. नकाशा सुबक होता, पण माझी नजर पायऱ्यांवरच अडली.

आमच्या गावच्या जुन्या घराला पाच पायऱ्या होत्या. शेवटची तीन वर्षं माय त्या पाच पायऱ्यांच्या वरच राहिली. ओसरीतून पारावरचा लिंब दिसायचा, बायकांचं बोलणं ऐकू यायचं, पण तिथवर जाणं नाही. खुर्चीसकट उचलून नेतो म्हटलं की म्हणायची, "राहू दे रे, मेल्यावर उचलायचंच आहे." मी तेव्हा शाळेत इतिहास शिकवत होतो. या पायऱ्या कुठून आल्या, हे मात्र कधी मनात आलं नाही.

आमच्या मराठवाड्यात ज्वारी टिकवायची तर जमिनीखाली. गावात पेवं असत, मोठ्या घरांत तळघर. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, आत कोंडलेली हवा जीव घ्यायची. तळघरालाही हवा हवी, म्हणून जोत्यात झरोके. झरोक्यांतून पावसाचं पाणी आत शिरू नये, म्हणून जोतं उंच. म्हणजे पायऱ्या आल्या त्या धान्याच्या सोयीसाठी. पुढे उंच जोतं ही घराण्याची ऐट झाली.

उतार आपल्याला ठाऊक नव्हता असंही नाही. मोटेच्या विहिरीला धाव असायची. बैल त्या उतारावरून मोट ओढत खाली जायचे आणि मागे सरकत वर यायचे. वाड्याच्या मोठ्या दरवाज्यातून बैलगाडी थेट चौकात जायची; पायऱ्या लागायच्या त्या चौकातून ओसरीवर चढताना. बैलांसाठी उतार केला, म्हाताऱ्या माणसांसाठी करायचं सुचलं नाही.

१९७६ साली जायकवाडी धरण पूर्ण झालं. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आमचं अंकुशनगर साखर कारखान्याभोवती वसलं. पेवं बुजली. १९९३ साली किल्लारीचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या जड घरांची सगळ्यांनी धास्ती घेतली. घरं सिमेंटची झाली, पायऱ्या तशाच राहिल्या.

अपंगांसाठी १९९५ साली कायदा झाला, २०१६ साली त्याजागी अधिक व्यापक कायदा आला. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत अडथळ्याविना प्रवेश सांगितला, तेव्हापासून शाळांच्या दारी अधिक उतार दिसू लागले. पण या सगळ्याचा रोख सार्वजनिक जागांवर. आपलं घर आपल्यावरच सोडलेलं.

उताराचं गणित सोपं आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. धाकट्याचं जोतं तीन फुटांचं, म्हणजे छत्तीस फूट उतार, शिवाय मध्ये टेकायला सपाट जागा. पुढे अंगण पंधरा फुटांचं. तो म्हणाला, "अण्णा, बसत नाही."

मग दोघं जागेवर गेलो. मागची गल्ली पुढच्या रस्त्यापेक्षा अडीच फूट उंच निघाली. म्हणजे दार मागे केलं तर अर्धाच फूट उरतो, सहा फुटांत काम होतं. पुढची बाजू सखल, तिथे तळघराला खिडक्या मिळतात, उजेड येतो. काळजी पाण्याची घ्यायची. दाराबाहेर आडवी नाली आणि वर जाळी, मातीला टेकलेल्या भिंतीला ओल धरू नये असं पक्कं काम. आणि आपली काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. म्हणून वाटेखाली चांगला मुरूम दाबून घ्यायचा.

"पाहुण्यांना मागच्या दाराने आणायचं का?" धाकट्याने विचारलं. मी म्हटलं, ज्या दाराने सगळ्यांना येता येतं, ते पुढचं दार.

नकाशा अजून पक्का झालेला नाही. असो. तुमच्यापैकी कोणी घर बांधत असाल, तर पायऱ्या मोजण्याआधी एकदा जागेचा उतार बघून या.