देहप्रतिमाविषयक मानसोपचार (सौंदर्य शस्त्रक्रियेच्या संदर्भात)

नाक, त्वचा, केस किंवा बांध्याविषयीच्या असमाधानातून सौंदर्य शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्यांना दिला जाणारा मानसोपचार. यांपैकी बहुतेकांना कोणताही मानसिक विकार नसतो. वास्तव अपेक्षा ठरविण्यापुरते समुपदेशन त्यांना पुरते. खरा प्रश्न ‘बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर’ असलेल्यांचा. इतरांना न दिसणारे वा नगण्य वाटणारे व्यंग त्यांना रोज कित्येक तास छळते. इटालियन मनोविकारतज्ज्ञ एन्रिको मोर्सेल्ली यांनी १८९१ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. डीएसएम-५ (२०१३) या मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात ती ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डरशी (ओसीडी) संबंधित विकारांत मोडते.

शस्त्रक्रियेने या रुग्णांचे समाधान क्वचितच होते. लक्ष दुसऱ्या अवयवाकडे वळते किंवा राग शल्यचिकित्सकावर निघतो. प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झ यांनी १९६० च्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या आत्मविकासपर पुस्तकात चेहरा सुधारूनही मनातली प्रतिमा तशीच राहिलेल्या रुग्णांची दखल घेतली होती, हे निरीक्षण त्यांच्या आत्मविकासाच्या मंत्रांपेक्षा अधिक टिकाऊ ठरले.

मुख्य उपचार बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी) हा होय. ‘सगळे माझ्या नाकाकडेच बघतात’ यासारखी समजूत रुग्ण प्रत्यक्ष तपासून पाहतो. व्यंग न झाकता बाजारात, समारंभात जातो. आरशात पुन्हापुन्हा डोकावणे, इतरांकडून दिलासा मागणे हळूहळू थांबवतो. आरशात एका ठिपक्याऐवजी संपूर्ण चेहरा पाहण्याचा सरावही करून घेतात. तीव्र विकारात एसएसआरआय गटातील नैराश्यविरोधी औषधे जोडली जातात. या रुग्णांत आत्महत्येचे विचार वारंवार आढळतात. या विचारांची चौकशी पहिल्याच भेटीत करणे आवश्यक असते.