पोपमहाशयांचे वकील : कार्डिनल आयव्हन डायस

‘वकील’ हा शब्द आतां कोर्टकचेरीपुरताच उरला आहे; परंतु एकेकाळच्या आपल्या या निजामी मुलखांत त्याला निराळाच मान होता. पुणें दरबारचे वकील गोविंदराव काळे निजामाच्या दरबारीं राहत, पत्रें लिहीत, तंटे मिटवीत आणि आपल्या धन्याचें म्हणणें परक्या धन्याच्या कानीं घालीत. पोपमहाशयांचेहि असे वकील जगांतील बहुतेक राज्यांत असतात. त्यांस नुन्सिओ म्हणतात. महोत्सवाच्या या स्मरणिकेंत अशाच एका वकिलाचें चरित्र देण्याचें आम्हीं योजिलें, याचें कारण वाचकांस आरंभींच सांगितलें पाहिजे. आमच्या भागांत ख्रिस्तसभेचें जें रोप लागलें, त्यास पाणी घालणारी एक संस्था रोम शहरांत होती. आणि त्या संस्थेच्या मुख्य आसनावर २००६ सालीं मुंबईच्या वांद्र्यांत जन्मलेला एक धर्मगुरु जाऊन बसला.

त्या संस्थेचें नांव प्रोपागांडा फीदे, म्हणजे श्रद्धाप्रसाराचें मंडळ. पोप ग्रेगरी पंधरावे यांनीं तें १६२२ सालीं स्थापिलें. त्या काळीं पूर्वेकडील धर्मकार्य पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालीं चाले, आणि बिशप कोणीं व्हावें हेंहि राजाच्या मर्जीवर असे. राजाश्रयाचे लाभ असतात, तसे त्याचे पाशहि असतात. ते पाश सैल करून धर्मकार्य थेट रोमच्या हातीं आणावें, आणि ज्या देशांत धर्म जाईल त्या देशांतलेच धर्मगुरु तयार करावे, हा मंडळाचा हेतु होता. त्याचें आपल्या इकडील पहिलें मोठें फळ म्हणजे गोव्याच्या दिवाडी बेटांतील मातेउश द कास्त्रु. हे ब्राह्मण घराण्यांत जन्मलेले गृहस्थ रोमला गेले, मंडळाच्या आश्रयानें धर्मगुरु झाले आणि १६३७ सालीं त्यांस बिशपपदाचा अभिषेक झाला. आदिलशाहीचा मुलूख त्यांस नेमून देण्यांत आला. गोव्याच्या अधिकाऱ्यांनीं त्यांचा अधिकार मानला नाहीं. पुढील आयुष्य बरेंचसें या भांडणांतच गेलें, आणि १६७७ सालीं त्यांनीं रोममध्येंच देह ठेवला.

आमच्याकडे धर्म आला तो याच मंडळाच्या छत्राखालीं. सव्हॉय प्रांतांतील अॅनेसी येथील संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या संघाचे धर्मगुरु नागपुराकडे आले. १८८७ सालीं नागपूर धर्मप्रांत झाला, आणि त्या शतकाच्या अखेरीस याच संघाचे लोक बैलगाडीच्या वाटेनें घोगरगांव व आसपासच्या खेड्यांत पोहोंचले. १९५५ सालीं अमरावती धर्मप्रांत निराळा झाला. आणि १७ डिसेंबर १९७७ रोजीं पोप पौल सहावे यांनीं त्यांतून आमचा औरंगाबाद धर्मप्रांत निर्माण केला. शहराचें नांव आतां छत्रपति संभाजीनगर झालें आहे. दर ऑक्टोबरांत मिशन रविवारीं आमच्या ताटांत जो पैसा पडतो, तो याच कार्याकरितां जातो. या मिशनची सुरुवात आपल्याकडे घेणाऱ्यांच्या बाजूनें झाली, देणाऱ्यांच्या नव्हे, हें पुढील चरित्र वाचतांना ध्यानांत असूं द्यावें.

आयव्हन डायस यांचा जन्म १४ एप्रिल १९३६ रोजीं वांद्रें येथें झाला. घराणें मूळ गोव्यांतील वेळसांवचें. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस हायस्कुलांत येशूसंघीय गुरूंच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें. ८ डिसेंबर १९५८, म्हणजे निष्कलंक मातेच्या सणाच्या दिवशीं, कार्डिनल वालेरियन ग्रेशस यांनीं त्यांस गुरुदीक्षा दिली. ग्रेशस हे भारताचे पहिले कार्डिनल. त्यांस हा मान १९५३ सालीं मिळाला होता. तीन वर्षें मुंबईंत सेवा केल्यावर या तरुण धर्मगुरूस रोमच्या अकादमींत पाठविण्यांत आलें. पोपमहाशयांचे वकील जेथें तयार होतात ती ही पाठशाळा १७०१ सालापासून चालत आली आहे. १९६४ सालीं त्यांनीं धर्मशास्त्राच्या कायद्यांत डॉक्टर ही पदवी मिळविली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबईस आंतरराष्ट्रीय ख्रिस्तप्रसाद महासभा भरली आणि पोप पौल सहावे स्वतः आले. आमच्यांतील वृद्धांना तो प्रसंग अद्यापि आठवतो. त्या प्रवासाची रोमकडील सिद्धता करण्याच्या कामांत डायस होते.

त्यानंतरच्या वर्षांचा हिशेब आम्ही थोडक्यांत देतों, कारण दप्तरांतील कामाची कथा फार रंगत नाहीं. स्कँडिनेव्हियाचे देश, इंडोनेशिया, मादागास्कर येथील वकिलातींत त्यांनीं चिटणिसाचें काम केलें. १९७३ पासून १९८२ पर्यंत ते रोमच्या राज्यसचिवालयांत होते, आणि सोव्हिएत संघराज्य, पोलंड, चीन, व्हिएतनाम व आफ्रिकेंतील कित्येक देश यांचे कागद त्यांच्या मेजावर येत. ज्या राज्यांत धर्मगुरु तुरुंगांत आहेत, त्या राज्यांशीं बोलणीं करावींत कीं नाहीं, हा त्या काळचा मोठा वाद होता. कार्डिनल कासारोली यांचें मत बोलावें असें होतें. १९ जून १९८२ रोजीं याच कासारोलींच्या हस्तें डायस यांस आर्चबिशपपदाचा अभिषेक झाला आणि घाना, टोगो व बेनिन या तीन देशांकडे त्यांची वकील म्हणून रवानगी झाली. घानांत लष्करी राजवट होती. तेथील ‘कॅथोलिक स्टँडर्ड’ हें साप्ताहिक १९८५ सालीं सरकारनें बंद पाडलें. बेनिनचें सरकार तर मार्क्सवादी होतें. १९८७ सालीं ते दक्षिण कोरियांत गेले, आणि १९८९ सालीं सेऊल येथें ख्रिस्तप्रसाद महासभा भरली तेव्हां ते तेथेंच होते.

पुढें १९९१ सालीं त्यांस आल्बेनियांत पाठविण्यांत आलें. येथें मात्र आम्ही थोडें थांबतों.

आल्बेनिया हा एड्रियाटिक समुद्राकांठचा एक लहान डोंगराळ देश. मदर तेरेसा याच रक्ताच्या. तेथील हुकूमशहा एन्व्हर होक्सा यानें १९६७ सालीं सर्व धर्म बंद केले. दोन हजारांवर मशिदी व ख्रिस्तमंदिरें मोडलीं किंवा दुसऱ्या कामास लावलीं गेलीं. श्कोडर येथील महामंदिराचा तर क्रीडागार करण्यांत आला. पुढें १९७६ च्या राज्यघटनेंत आपण कोणताहि धर्म मानीत नाहीं असें त्या राज्यानें लिहूनच ठेविलें. श्तिएफेन कुर्ती नांवाच्या वृद्ध धर्मगुरूनें बंदिवासांत एका बालकाचा गुपचूप बाप्तिस्मा केला, एवढ्याच अपराधाकरितां त्याला गोळी घालण्यांत आली. २०१६ सालीं ज्या अडतीस आल्बेनियन हुतात्म्यांस धन्यवादित म्हणून घोषित करण्यांत आलें, त्यांत या धर्मगुरूचें नांव आहे. आम्ही आपलीं मुलें सणाच्या कपड्यांत, फोटो काढीत, बाप्तिस्म्यास नेतों. त्या वेळीं कुर्ती यांचें नांव एकदां घ्यावयास हरकत नाहीं.

१९९० च्या नोव्हेंबरांत श्कोडरच्या दफनभूमींत पहिला उघड मिस्सा झाला. पुढील वर्षीं पोपमहाशयांशीं त्या राज्याचे संबंध पुन्हा जुळले आणि डायस वकील म्हणून तेथें गेले. पण वकिली करावयाची ती कोणापुढें आणि कोणाकरितां? तेथें सेमिनरी नव्हती, धर्मशिक्षणाचें पुस्तक नव्हतें. तेवीस वर्षें ज्या घरांत कोणीं क्रूसाची खूण उघड केली नव्हती, त्या घरांतील तरुण पिढीस प्रार्थना पहिल्यापासून शिकवावयाची होती. देशाच्या दक्षिण भागाचें धर्मप्रशासनहि १९९२ पासून डायस यांच्याकडेच आलें. म्हणजे राजदूताच्या अंगावर धर्मप्रांताचा भार पडला. २५ एप्रिल १९९३ रोजीं पोप जॉन पौल दुसरे यांनीं श्कोडरच्या त्याच महामंदिरांत चार आल्बेनियन बिशपांस अभिषेक केला. त्यांपैकीं फ्रानो इलिया यांस पूर्वीं देहदंडाची शिक्षा झाली होती. पुढें ती सौम्य करून त्यांस दीर्घ बंदिवास भोगावा लागला. १९९४ सालीं मिकेल कोलिकी या नव्वदी ओलांडलेल्या धर्मगुरूस कार्डिनल करण्यांत आलें. त्यांच्या आयुष्याचीं कित्येक दशकें तुरुंगांत आणि सक्तमजुरीच्या छावण्यांत गेलीं होतीं.

८ नोव्हेंबर १९९६ रोजीं डायस यांची मुंबईच्या आर्चबिशपपदावर नेमणूक झाली. त्यांच्या आधींचे कार्डिनल सायमन पिमेंटा हे मरोळचे, मुंबईच्या मातींतलेच ईस्ट इंडियन. डायसहि मुंबईचेच, तथापि तीस वर्षांहून अधिक काळ ते परदेशीं होते. दरबारांत वावरलेला माणूस कळपाचा मेंढपाळ कसा होणार, अशी शंका येणें स्वाभाविक होतें. वृत्तपत्रें त्यांस जुन्या वळणाचे म्हणत. आणि येशू ख्रिस्तच जगाचा एकमेव तारणारा आहे असें प्रतिपादणारें २००० सालचें रोमचें निवेदन भारतांत वादाचा विषय झालें तेव्हां त्यांनीं त्याचा पक्ष घेतला. या देशांत निरनिराळ्या धर्मांचे लोक शेजारीं राहतात, तेव्हां हा विषय अधिक मऊ शब्दांत मांडावा, असें कित्येक धर्मपंडितांचें म्हणणें होतें, आणि तें अगदींच सोडून देण्यासारखें नाहीं. पण आम्हांस असें वाटतें कीं या कडकपणाचें मूळ स्वभावांत शोधण्यापूर्वीं श्कोडरमध्यें शोधावें. एका बाप्तिस्म्याची किंमत जेथें माणसांनीं प्राण देऊन मोजली, तेथें पांच वर्षें राहिलेला धर्मगुरु श्रद्धेच्या शब्दांत सहज सवलत देईल, ही अपेक्षा आम्हांस बरोबर वाटत नाहीं.

२१ फेब्रुवारी २००१ रोजीं ते कार्डिनल झाले. २००५ च्या पोपनिवडणुकींत त्यांचें नांव वर्तमानपत्रांतून संभाव्य म्हणून घेतलें जात होतें. निवडून आले ते पोप बेनेडिक्ट सोळावे, आणि त्यांनींच २० मे २००६ रोजीं डायस यांस प्रोपागांडा फीदेचें अध्यक्षपद दिलें. रोमचे लोक या पदास थट्टेनें ‘लाल पोप’ म्हणत. कारण कार्डिनलांचा झगा लाल, आणि अधिकार थोरला. एक हजाराहून अधिक धर्मप्रांत त्या मंडळाकडे होते. तेथें बिशप कोण व्हावा याची चौकशी मंडळ करी व नांव पोपमहाशयांपुढें ठेवी. भारतांतील लॅटिन विधीचे धर्मप्रांत त्यांत मोडत, आणि त्यांत आमचाहि होता. ज्या मंडळाच्या दाराशीं मातेउश द कास्त्रु न्याय मागण्यास पुन्हा पुन्हा गेले, त्याच्या गादीवर पौणेचार शतकांनंतर वेळसांवच्या घराण्यांतील माणूस बसून न्याय देऊं लागला.

१० मे २०११ रोजीं वयोमानानुसार ते त्या पदावरून निवृत्त झाले; पोप फ्रान्सिस यांची निवड झाली त्या २०१३ च्या निवडणुकींत त्यांनीं मत दिलें. २०२२ सालच्या फेररचनेंत तें जुनें मंडळ सुवार्ताप्रसाराच्या नव्या खात्यांत विलीन झालें, आणि त्या खात्याचें अध्यक्षपद आतां पोपमहाशय स्वतःकडेच ठेवतात. तो बदल पाहण्यास डायस उरले नव्हते. १९ जून २०१७ रोजीं, आर्चबिशपपदाच्या अभिषेकास बरोबर पस्तीस वर्षें झालीं त्या दिवशीं, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीं रोम येथें त्यांचें देहावसान झालें.