मधुमेह, विषाद आणि काळजी : ठाणे-कल्याण परिसरातील स्त्रियांच्या आजाराची भाषा

शरीराचा विकार आणि मनाचा विकार हे दोन स्वतंत्र विषय होत, ही समजूत आज इतकी रुळली आहे की ती फार प्राचीन असावी असा भास होतो. वस्तुतः तसे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंचविसाव्या अध्यायात, निरनिराळ्या वर्गांतील अग्रगण्य वस्तूंची जी दीर्घ यादी आहे, तीत रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये विषादाला पहिला मान दिला आहे. त्याच ग्रंथात प्रमेहाचे वीस प्रकार सांगून मधुमेहाची गणना वातज प्रमेहांत केली आहे. आणि वाताच्या ऐंशी विकारांत विषादही येतो. एवढ्यावरून चरकाने दोहोंचा कार्यकारणसंबंध सांगितला असे म्हणता येणार नाही. परंतु एकाच रोग्याच्या ठायी दोहोंचा विचार करण्यास त्या शास्त्राची आडकाठी नव्हती, हे निश्चित. सतराव्या शतकात टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने तर दीर्घकाळचे दुःख हे मधुमेहाचे एक कारण मानले. २००१ साली 'डायबिटीस केअर' या नियतकालिकात अनेक पाहण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेही व्यक्तींमध्ये नैराश्याची शक्यता इतरांच्या दुप्पट आढळली. मधुमेही स्त्रियांत त्याचे प्रमाण शेकडा २८, तर पुरुषांत शेकडा १८ होते.

शास्त्राने जवळ आणलेले हे दोन विकार मराठी बोलीने मात्र दूर ठेवले. 'प्रमेह' या शब्दाचे तद्भव रूप 'परमा'. पण त्याचा अर्थ संकोचून ते एका गुप्तरोगाचे नाव झाले. घरात उच्चारण्याजोगा शब्द उरला तो तत्सम 'मधुमेह', आणि पुढे 'डायबिटीस' व 'साखर'. 'साखर' हा स्वयंपाकघरातला शब्द असल्याने तो सासूसमोरही निःसंकोच उच्चारता येतो. शिवाय साखर 'होते', 'वाढते'. तिचा कर्ता रोगी नसतो. मनाच्या आजाराची क्रियापदे पाहिली म्हणजे फरक ध्यानात येतो. 'तिने हाय खाल्ली', 'धास्ती घेतली', 'ती फार मनाला लावून घेते'. येथे दुःख भोगणारी स्त्रीच वाक्याचा कर्ता आहे, आणि कर्त्याकडे दोषही आपसूक जातो.

ठाण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मनोरुग्णालय स्थापन झाले, आणि 'ठाण्याला पाठवणे' हा मुंबई-कोकणात थट्टेचा वाक्प्रचार होऊन बसला. पुण्याकडे तेच येरवड्याचे झाले. ज्या गावाचे नावच वेडाचा पर्याय ठरले, तेथल्या बाईने 'मन लागत नाही' हे वैद्यापुढे म्हणावे तरी कसे? ती 'थकवा येतो', 'झोप नाही' एवढेच सांगते. रक्तातली साखर उतरत नाही म्हणून वैद्य तिला पथ्य न पाळल्याबद्दल बोल लावतो. वास्तविक ते पाळण्याचे बळच विषादाने हिरावलेले असते.

'पथ्य' म्हणजे मूळ अर्थाने मार्गाला धरून असलेले. सुश्रुताने निर्धन, आप्तहीन प्रमेही पुरुषाला पादत्राण व छत्रीवाचून, गावोगाव एकेक रात्र राहत, शंभर योजने चालत जाण्यास सांगितले आहे. उपचार उत्तमच, परंतु डोंबिवलीच्या चाळीतल्या गृहिणीला तो उपयोगी नाही. ती आप्तहीन नाही, हीच तिची अडचण. तिचे पथ्य इतरांच्या पानातून उरलेल्या वेळात बसवावे लागते. त्यात चतुर्थीचा उपवास आला की साबुदाण्याच्या खिचडीने निव्वळ पिष्ट पोटात जाते. मराठीत 'काळजी' हा एकच शब्द दोन कामे करतो : काळजी 'करणे' म्हणजे चिंता, काळजी 'घेणे' म्हणजे जोपासना. घरादाराच्या वाट्याला तिचे दोन्ही अर्थ येतात. तिच्या स्वतःच्या वाट्याला बहुधा पहिलाच.

हे दुखणे ऐकणारे कोणी असावे, हा विचार या भागाला नवा नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) यांनी अमेरिकेस जाण्यापूर्वी, १८८३ साली, श्रीरामपूर येथील व्याख्यानात हिंदुस्थानास स्त्रीडॉक्टरांची गरज असल्याचे प्रतिपादिले, आणि पुरुष वैद्यापुढे स्त्रियांना वाटणारा संकोच हे त्याचे एक कारण सांगितले. ठाण्यातच १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था काढली. तिच्या नावात रोग नसून आरोग्य आहे, ही बाब भाषेच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

तथापि बहुसंख्य स्त्रियांचा आधार संस्थेच्या बाहेरच आहे. कल्याणपर्यंत रेल्वे १८५४ साली आली. आज तिच्याच बायकांच्या डब्यात भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होते, भिशी चालते, आणि 'आज गप्प का गं?' असे कोणीतरी विचारते. आरोग्याच्या पाहणीत या प्रश्नाला रकाना नसतो. साखरेचा आकडा आणि रात्री न लागलेली झोप या दोन्ही गोष्टी त्याच्या उत्तरात मात्र एकाच दमात सांगितल्या जातात.