प्राणवायूचा घाव आणि प्रथिनांचा कारखाना

१/ ज्या वायूला आपण ‘प्राणवायू’ म्हणतो, तोच पेशीला झिजवतो, हे विज्ञानाला कसे उमगले? आणि या झिजेत पेशीतील प्रथिने घडवणारे रायबोसोम मंदावतात, ती पेशीची हार असते की सावधगिरी? या प्रश्नाचा इतिहास आजच्या धाग्यात पाहू.

२/ पहिली शंका खुद्द प्राणवायू वेगळा करणाऱ्यांपैकी एकाची. जोसेफ प्रिस्टले यांनी १७७५ मध्ये लिहिले, की या वायूत मेणबत्ती झपाट्याने जळून संपते. निव्वळ याच वायूत राहिल्यास आपलेही आयुष्य तसेच वेगाने सरेल की काय? १८७८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी दाखवून दिले, की वाढीव दाबाखालील प्राणवायूने प्राण्यांना झटके येतात. कारण मात्र अज्ञातच राहिले.

३/ ते कारण १९५४ मध्ये मांडले रेबेका गर्शमन यांनी. अर्जेंटिनाहून अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठात आलेल्या या संशोधिकेने उंदरांवरील प्रयोगांतून एक विलक्षण साम्य टिपले. क्ष-किरणांची इजा आणि प्राणवायूची विषबाधा एकाच वाटेने होते, आणि ती वाट म्हणजे मुक्त मूलके. ज्यांच्यात जोडीविना एखादा इलेक्ट्रॉन उरतो असे हे कण शेजारच्या रेणूंवर तुटून पडतात.

४/ पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत जॉर्ज पालादे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पेशीद्रवातील बारीक दाट कणांचे वर्णन केले. १९५८ मध्ये त्यांना ‘रायबोसोम’ हे नाव मिळाले. जनुकांचा संदेश वाचून प्रथिने घडवणारे कारखाने ते हेच. पालादे १९७४ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

५/ गर्शमन यांच्या कल्पनेकडे मात्र अनेकांनी संशयाने पाहिले. इतके उतावळे कण जिवंत पेशीत खरोखर तयार होतात, याला पुरावा कोणता? तो १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात मिळाला. रक्तातले एक तांबेयुक्त प्रथिन १९३८ पासून ठाऊक होते, पण त्याचे काम कुणाला माहीत नव्हते. जो मकॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवले, की ते सुपरऑक्साइड या मुक्त मूलकाचा निकाल लावते. ढाल सापडली, तेव्हा वार होतात हेही मान्य करावे लागले.

६/ मुक्त मूलकांचा आणि रायबोसोमचा अभ्यास मात्र बराच काळ वेगवेगळ्या वाटांनी चालला. नुकसानीचा विचार मुख्यतः डीएनएच्या अंगाने झाला. वास्तविक पेशीतील बहुतांश आरएनए रायबोसोममध्येच असतो, आणि डीएनएला मिळणारे केंद्रकाचे आवरण पेशीद्रवातील रायबोसोमला नसते. त्यात लोहाची भर पडते. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र येताच होणारी तीव्र अभिक्रिया हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्येच वर्णिली होती. अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत रायबोसोमच्या आरएनएला चिकटलेले असे क्रियाशील लोह २००५ मध्ये आढळले.

७/ त्याच वर्षी केंटकीतील संशोधकांनी मृत्यूनंतर दान मिळालेल्या मेंदूंची तपासणी केली. विस्मरणाची केवळ सौम्य लक्षणे असलेल्या व्यक्तींच्या मेंदूतही स्मृती व विचारांशी निगडित भागांतील रायबोसोमची प्रथिने घडवण्याची क्षमता घटलेली होती आणि त्यांचा आरएनए ऑक्सिडीकरणाने डागाळला होता. अनुमस्तिष्क मात्र यातून बचावले होते. दीर्घकालीन स्मृती घडण्यासाठी नवी प्रथिने लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे गांभीर्य कळते.

८/ मग प्रथिननिर्मिती मंदावणे म्हणजे निव्वळ बिघाड का? २००६ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी किण्वपेशींवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा मारा केला, तेव्हा वेगळे चित्र दिसले. जीसीएन-२ नावाचे एक विकर प्रथिननिर्मितीच्या आरंभक घटकावर फॉस्फेटची खूण करते आणि नव्या कामाचा आरंभ रोखला जातो. सुरू असलेले कामही मंदावते. परंतु पेशीच्या रक्षणाला लागणाऱ्या प्रथिनांचे काही संदेश याच वेळी रायबोसोमशी अधिक प्रमाणात जोडले जातात. दुष्काळात इतर पिकांचे पाणी तोडून बियाण्यापुरते शेत भिजवावे, तसे हे नियोजन.

९/ २०१४ मध्ये सेंट लुइस येथील प्रयोगांतून आणखी एक पैलू पुढे आला. संदेशवाहक आरएनएतील एक अक्षर जरी ऑक्सिडीकरणाने बिघडले, तरी त्यावरून सरकणारा रायबोसोम तिथेच अडतो. आणि त्याचे अडणे हीच तो सदोष संदेश नष्ट करण्याची खूण ठरते. ज्याला आपण केवळ बळी समजत होतो, तो तपासनीसही निघाला.

१०/ तेव्हा हार की सावधगिरी, याचे उत्तर काळाच्या मोजमापात दडले आहे. ताण थोडा वेळ टिकला, तर थांबणे हा बचाव असतो. तो वर्षानुवर्षे रेंगाळला आणि यंत्रच डागाळले, तर तेच थांबणे ऱ्हास होऊ शकते. म्हणूनच प्रथिननिर्मिती औषधाने सरसकट वाढवणे वा रोखणे, दोन्ही जोखमीचे. आधी थांबा कोणता, हे ओळखायला हवे.

११/ गर्शमन १९८६ मध्ये निवर्तल्या. त्यांनी ओळखलेला घाव आणि पालादे यांनी पाहिलेले कण यांचे नाते त्यानंतर दोन दशकांनी स्पष्ट होऊ लागले. एका वर्षाच्या अंतराने लागलेल्या दोन शोधांना एकमेकांपर्यंत पोहोचायला अर्धे शतक लागले.